व्हिटॅमिन सी सीरम निवडताना आधी बाटली बघा, मग टक्का

मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे असते. हल्ली रोज कुणी ना कुणी मोबाइलवरचा फोटो पुढे धरून विचारतं, "ताई, यातलं वीस टक्केवालं आहे का?" विचारणारी कधी कॉलेजची मुलगी असते, कधी लग्न ठरलेला मुलगा, कधी पन्नाशीच्या काकू. प्रश्न मात्र ठरलेला, किती टक्के.

टक्क्याला महत्त्व आहे, पण तो प्रश्न बराच नंतरचा. व्हिटॅमिन सी हवेने, उजेडाने आणि उष्णतेने बिघडतं, आणि आपल्याकडे या तिन्हींना तोटा नाही. बिघडलेल्या वीस टक्क्यांपेक्षा ताजं दहा टक्के कधीही बरं. म्हणून बाटलीत नेमकं कोणतं व्हिटॅमिन सी आहे, बाटली कशी आहे, केवढी आहे आणि तुमच्या घरात ते संपेपर्यंत टिकणार का, हे आधी बघायचं.

हा लेख पहिल्यांदा सीरम घेणाऱ्यांसाठी आहे. यात ब्रँडची क्रमवारी मुद्दामच दिलेली नाही. कंपन्या त्याच नावाखाली आतला फॉर्म्युला बदलतात आणि जुनी यादी फसवते. लेबल वाचता आलं की कुठल्याही दुकानात तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

पहिली पायरी: घरात सनस्क्रीन आहे का?

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. त्या एन्झाइमच्या गाभ्यात तांबं असतं आणि व्हिटॅमिन सी तिथेच आडवं येतं. म्हणून मुरुम बसल्यावर मागे राहिलेला काळपट डाग हळूहळू फिका होतो. उन्हामुळे त्वचेत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात. त्यातले काही व्हिटॅमिन सी निकामी करतं. शिवाय त्वचेचा घट्टपणा राखणारं कोलॅजेन बनायलाही व्हिटॅमिन सी लागतं.

जन्मतः असलेला रंग मात्र ते बदलत नाही. सावळ्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. "गोरं व्हायचंय" म्हणून कुणी सीरम मागितलं तर मी ते देत नाही, आधी बोलते. डाग, निस्तेजपणा आणि उन्हाने आलेला असमान रंग यांसाठी सीरम घ्या, मग निराशा होणार नाही.

आता सनस्क्रीनचं. सकाळी सीरम लावलं आणि दुपारी एसटीच्या थांब्यावर अर्धा तास उघड्या चेहऱ्याने उभं राहिलं, तर सीरमने जेवढा डाग फिका केला तेवढा ऊन पुन्हा गडद करतं. महिन्याला एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर सीरम राहू द्या आणि सनस्क्रीन घ्या, हे मी अगदी ठामपणे सांगते. एसपीएफ ३० किंवा ५० आणि पीए+++ असलेलं घ्यावं. तर्जनी आणि मधलं बोट या दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेसाठी लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत.

इथेच लिंबाचंही बोलून घेते. "लिंबात व्हिटॅमिन सी असतंच ना, मग तेच चोळलं तर?" असं विचारणारे खूप असतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण दोन ते अडीच, म्हणजे तो त्वचेसाठी फार तीव्र आहे. त्याहून वाईट म्हणजे लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची रसायनं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि त्यांचे तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. डाग घालवायला लावलेलं लिंबू नवे डाग देऊन जातं. आवळाही खायला उत्तम आहे, तो पोटातच जाऊ द्या.

दुसरी पायरी: आपली त्वचा आणि तिची मागची कहाणी

तेलकट आणि मुरुमांची त्वचा असेल तर पातळ, पाण्यासारखं सीरम शोधा. कोरडी असेल तर थोडं स्निग्ध चालतं. साबणानेही चुरचुरणारी, पटकन लाल होणारी त्वचा असेल तर खाली सांगितलेल्या तीव्र प्रकाराच्या वाटेला निदान सुरुवातीला जाऊ नका.

गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखे तपकिरी पट्टे असतील तर तो वांग असू शकतो. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आणि उन्हामुळे तो वाढतो. त्यावर नुसतं सीरम पुरत नाही. वांगाला उघड्या डोळ्यांना दिसणारा प्रकाशही गडद करतो, म्हणून त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे त्वचेच्या रंगाची हलकी छटा असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं. त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग ओपीडीत हे थोडक्या पैशांत होतं.

आता मागची कहाणी. याआधी चेहऱ्यावर काय लावत होता? शेजारणीने सांगितलेली, पार्लरमधून आणलेली, "आठ दिवसांत फरक" म्हणणारी एखादी ट्यूब किंवा डबी होती का? अशा अनेक क्रीममध्ये बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइड असतात. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल रेघा दिसू लागतात, बारीक पुरळ येतं, केस वाढतात, आणि क्रीम बंद केलं की आग होते. अशी बरीचशी स्टेरॉइड क्रीम २०१८ मध्ये सरकारने चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली, तरी ती सर्रास हातात पडतात. लेबल नसलेल्या क्रीममध्ये पारा निघाल्याची आणि त्यामुळे मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणंही आपल्या महाराष्ट्रात घडली आहेत. असं काही लावत असाल तर आज सीरम घेऊ नका. आधी डॉक्टरांकडे जा. ते क्रीम कसं सोडायचं हे तेच सांगतील. त्या नाजूक झालेल्या त्वचेवर व्हिटॅमिन सी लावलं तर नुसती जळजळ होईल.

तिसरी पायरी: बाटलीत कोणतं व्हिटॅमिन सी आहे?

ही पायरी नीट वाचा, कारण खरा फरक इथे पडतो.

शुद्ध रूप म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड. सगळ्यात जास्त अभ्यास याच्यावर झालेला आहे. ड्यूक विद्यापीठातले शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं की हे त्वचेत शिरायचं तर द्रावणाचा पीएच ३.५ च्या खाली हवा. प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत वाढवलं तसं त्वचेत शिरणारं व्हिटॅमिन वाढत गेलं आणि त्यानंतर उलट कमी झालं. एकदा त्वचेत साठलेलं व्हिटॅमिन निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागले. म्हणून एखादा दिवस लावायचं राहिलं तर काही बिघडत नाही, आणि तीस टक्क्यांच्या बाटलीसाठी जास्त पैसे मोजण्यातही अर्थ नाही.

पुढे २००५ मध्ये त्याच गटाने १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या मिश्रणात ०.५ टक्के फेरुलिक ॲसिड घातलं. मिश्रण जास्त टिकाऊ झालं आणि उन्हापासून मिळणारं संरक्षण चौपटीवरून सुमारे आठपटीवर गेलं. स्किनस्युटिकल्सचं प्रसिद्ध महागडं सीरम याच सूत्राचं. त्या सूत्राचं अमेरिकेतलं पेटंट २०२५ मध्ये संपलं. तशी रचना असलेली स्वस्त सीरम बाजारात आहेत, त्यामुळे "सी, ई, फेरुलिक" हे तिन्ही शब्द एकत्र दिसले तर ते त्या सूत्रावर बेतलेलं आहे असं समजा.

पण या शुद्ध रूपाचे दोन त्रास आहेत. आपल्या त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो, त्यामुळे साडेतीनच्या खालचं द्रावण चुरचुरतं. दुसरं म्हणजे ते पाण्यात विरघळवलं की लगेच ऑक्सिडेशन सुरू होतं. चिरलेल्या सफरचंदाची फोड ताटात ठेवल्या ठेवल्या तपकिरी पडते, तसं हे बाटलीत आठवड्या-महिन्यांच्या वेगाने होत राहतं. फेरुलिक ॲसिड ते लांबवतं, थांबवत नाही.

म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी व्हिटॅमिन सीची टिकाऊ रूपं तयार केली. आपल्या दुकानांत बहुतेक सीरम याच रूपांची असतात. लेबलवर त्यांची नावं इंग्रजीत असतात, म्हणून उच्चार लक्षात ठेवा.

इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड हे नाव सर्वांत जास्त वेळा दिसेल, कधी पुढे "३-ओ" लावून. हे बऱ्यापैकी टिकतं आणि चुरचुरतही कमी. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी बहुतेक वेळा हेच सुचवते. क्वचित कुणाला याचीही ॲलर्जी येते, त्यामुळे चाचणी चुकवू नका.

सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट हे मुरुम येणाऱ्यांसाठी चांगलं. त्याच्या पाच टक्क्यांच्या लोशनने मुरुम कमी होतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. याचंच भावंड म्हणजे मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट. त्याच्या दहा टक्क्यांच्या क्रीमचा वांगावर जपानमध्ये अभ्यास झाला होता. संवेदनशील आणि कोरड्या त्वचेला ते सोसतं. ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड हेही असंच सौम्य आहे.

टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेट हे लांबलचक नावाचं रूप तेलात विरघळतं. कोरड्या, पोक्त त्वचेला ते छान वाटतं. चेहरा आधीच दुपारपर्यंत तेलकट होत असेल तर ते जड वाटू शकतं.

या टिकाऊ रूपांवरचा अभ्यास शुद्ध रूपाइतका भक्कम नाही आणि त्यांचं त्वचेत जाऊन पुन्हा व्हिटॅमिन सीमध्ये रूपांतर व्हावं लागतं. त्यामुळे परिणाम थोडा हळू आणि सौम्य असेल असं धरून चाला. तरी नवख्या माणसासाठी माझा कौल टिकाऊ रूपालाच आहे. चुरचुरतं म्हणून आठव्या दिवशी कपाटात गेलेल्या सीरमपेक्षा रोज लावलं जाणारं सौम्य सीरम जास्त काम करतं.

चौथी पायरी: बाटली आणि तिचा आकार

पारदर्शक काचेच्या बाटलीत एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडचं सीरम दिसलं तर ते परत ठेवा, मग ते कितीही नावाजलेलं असो. गडद तपकिरी काच, ॲल्युमिनियमची बाटली किंवा हवा आत न शिरू देणारा पंप, यांतलं काहीतरी हवं. ड्रॉपरची बाटली असेल तर दर वेळी उघडताना हवा आत जाते. ड्रॉपर चेहऱ्याला किंवा बोटाला टेकवला तर मळही जातो.

आता आकाराचा हिशोब करू, कारण तो कुणी करत नाही. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलीटर होतं. चेहऱ्याला चार थेंब पुरतात, म्हणजे दिवसाला ०.२ मिलिलीटर. तीस मिलिलीटरची बाटली या हिशोबाने १५० दिवस, म्हणजे पाच महिने चालेल. आणि उघडलेलं शुद्ध व्हिटॅमिन सी आपल्या हवेत तीन महिन्यांच्या आसपास थकतं. म्हणजे शेवटचे दोन महिने तुम्ही बहुतांशी बिघडलेलं पाणी चेहऱ्याला लावता. पंधरा मिलिलीटरची बाटली ७५ दिवसांत संपते, ती ताजेपणातच संपते. मिलिलीटरमागे ती थोडी महाग पडते, पण वाया काही जात नाही. "मोठी घेतली तर स्वस्त पडते" हा किराण्याचा हिशोब इथे लावू नका. टिकाऊ रूपाच्या सीरमला तीस मिलिलीटर चालतं. मानेलाही लावणारे असाल तर बाटली लवकर संपेल, हेही धरा.

पाचवी पायरी: लेबल हातात घेऊन वाचा

ऑनलाइन घेत असाल तरी घटकांच्या यादीचा फोटो मोठा करून बघा. पुढच्या बाजूला संत्र्याची फोड आणि "व्हिटॅमिन सी" मोठ्या अक्षरांत असतं. कामाचं सगळं मागच्या बारीक अक्षरांत.

नियम असा की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, कोणत्याही क्रमाने. आता त्या यादीत फेनॉक्सीइथेनॉल हे नाव शोधा. हे टिकवण्यासाठी घालतात आणि ते जास्तीत जास्त एक टक्का वापरता येतं. समजा यादी अशी आहे: पाणी, ग्लिसरिन, प्रोपिलीन ग्लायकॉल, नायसिनामाइड, फेनॉक्सीइथेनॉल, झँथन गम, संत्र्याचा अर्क, इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड, सुगंध. व्हिटॅमिन सी फेनॉक्सीइथेनॉलनंतर आलं, म्हणजे ते बहुधा एक टक्क्याच्या आतच आहे. नावाला टाकलेलं. दहा टक्क्यांचं खरं सीरम असेल तर व्हिटॅमिन सीचं नाव पाण्यानंतर पहिल्या तीन-चार नावांत यायला हवं.

"संत्र्याचा अर्क", "काकडू प्लमचा अर्क" एवढंच असेल आणि ॲस्कॉर्बिक किंवा ॲस्कॉर्बिल हे शब्द कुठेच नसतील, तर ते वासाचं पाणी आहे. संत्र्याच्या सालीचं तेल, लिमोनीन, लिनालूल ही सुगंधी द्रव्यं संवेदनशील त्वचेला त्रास देतात. त्यामुळे सुगंध नसलेलं सीरम मिळत असेल तर तेच घ्या. केशरी रंग घातलेला असेल तर तेही टाळा. रंग घातला की ते आत बिघडलं की नाही हे कळायची सोयच राहत नाही.

मग बाटलीवर निर्मात्याचं नाव आणि पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि वापर संपवण्याची तारीख, आणि भारतात बनलं असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक बघा. आयात केलेल्यावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव हवं. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात "६ एम" किंवा "३ एम" असं लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून तेवढे महिने. उत्पादन होऊन वर्ष उलटलेली शुद्ध व्हिटॅमिन सीची बाटली मुदत शिल्लक असली तरी घेऊ नका. सवलत मोठी असण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

पक्कं बिल घ्या. सील तुटलेलं, लेबल संशयास्पद किंवा माल बनावट वाटला तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पैसे परत मिळवण्याच्या भांडणासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

सहावी पायरी: आता टक्का

एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड पहिल्यांदा घेताना १० टक्के पुरे. आठ-दहा आठवडे सोसलं तर १५ वर जा. २० टक्के हे शेवटचं टोक आहे, आणि बऱ्याच जणांना तिथपर्यंत जायची गरज पडत नाही. ८ टक्क्यांच्या खाली मात्र परिणाम फारसा दिसत नाही.

वेगवेगळ्या रूपांचे टक्के एकमेकांशी ताडून बघू नका. शंभर ग्रॅम इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिडमध्ये वजनाने सुमारे ८६ ग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडमध्ये ५२ ग्रॅम, कारण बाकीचं वजन साखरेच्या रेणूचं. टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेटमध्ये तर जेमतेम १६ ग्रॅम. म्हणून "याचं बारा टक्के, त्याचं दहा, मग बारावालंच जोरदार" असं होत नाही. शिवाय कोणतं रूप त्वचेत किती शिरतं हे वजनावरून कळत नाही. टक्क्याची तुलना करायचीच असेल तर त्याच रूपाच्या दोन बाटल्यांमध्ये करा.

सातवी पायरी: चाचणी आणि लावण्याची पद्धत

कानामागे किंवा हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावा. सलग चार-पाच रात्री त्याच जागी. खाज, पुरळ, सूज काही नाही आलं तरच चेहऱ्याकडे वळा. हे कंटाळवाणं वाटतं, पण लग्नाच्या आदल्या आठवड्यात चेहरा सुजून येणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. लग्नकार्य, साखरपुडा, मुलाखत असेल तर निदान दोन महिने आधी सुरुवात करा. ऐनवेळी नवीन काहीच नको.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा आणि टिपून कोरडं करा. तीन-चार थेंब तळहातावर घेऊन गाल, कपाळ, हनुवटीवर दाबत पसरवा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडा. शोषलं गेलं की मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. हात धुवा. शुद्ध व्हिटॅमिन सीने बोटांची टोकं पिवळट पडतात, कारण ते बिघडताना जे पदार्थ तयार होतात त्यातला एक त्वचेला तपकिरी छटा देतो. दाढी करणाऱ्यांनी दाढीनंतर लगेच लावू नये, फार झोंबतं.

नायसिनामाइडसोबत (हे व्हिटॅमिन बी३ चं एक रूप, बऱ्याच सीरममध्ये असतं) व्हिटॅमिन सी चालत नाही, हा समज अजून फिरतो. तो जुन्या प्रयोगांवरून आला, आणि त्या प्रयोगांतलं तापमान व परिस्थिती चेहऱ्यावर कधी येत नाही. दोन्ही खुशाल वापरा. बेंझॉइल पेरॉक्साइड मात्र व्हिटॅमिन सीला बिघडवतं, तेव्हा मुरुमांसाठी ते लावत असाल तर ते रात्री आणि सीरम सकाळी. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ग्लायकॉलिक ॲसिड यांनाही रात्रीच ठेवा. आणि सगळं एकाच आठवड्यात सुरू करू नका. दोन नव्या गोष्टींमध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळेल.

गरोदर असताना किंवा बाळाला अंगावर पाजत असताना चेहऱ्याला लावायचं व्हिटॅमिन सी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतात. तरी बाटली एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवा, कारण त्याच सीरममध्ये रेटिनॉलसारखं टाळायचं दुसरं काही असू शकतं.

आठवी पायरी: ठेवायचं कुठे, बिघडलं हे कळणार कसं

गिझर असलेल्या बाथरूममधल्या फळीवर ठेवू नका, आरशासमोर उन्हाच्या झोतातही नको. एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कपाटातली बाटलीही तापते. शुद्ध व्हिटॅमिन सी असेल तर फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात, डब्यात झाकून ठेवा. फ्रीझरमध्ये नको. टिकाऊ रूपाच्या सीरमला अंधारं, त्यातल्या त्यात गार कपाट पुरतं. भर उन्हाळ्यात कुरिअरने शुद्ध व्हिटॅमिन सी मागवणं मी टाळायला सांगते. ती पेटी गोदामात आणि टेम्पोत किती तास तापली ते आपल्याला कळत नाही. उन्हाळ्यात घ्यायचंच तर गार ठेवलेल्या दुकानातून घ्या, नाहीतर टिकाऊ रूपाचं घ्या.

बाटली उघडलेली तारीख पेनने तळाशी लिहा. पहिल्या दिवशी पांढऱ्या बशीवर एक थेंब टाकून मोबाइलने फोटो काढा. दर पंधरा दिवसांनी तसाच थेंब टाकून रंग ताडा. पाण्यासारखा किंवा फिकट गवती असेल तर छान. पिवळा झाला तर भरभर संपवा. केशरी-तपकिरी झाला, किंवा वास धातूसारखा, कुबट येऊ लागला, तर टाकून द्या. अशा सीरमने चेहऱ्यावर पिवळट छटा येते आणि जळजळही होऊ शकते. काही सीरम फेरुलिक ॲसिडमुळे पहिल्या दिवसापासून फिकट पिवळी असतात, म्हणून तर पहिल्या दिवसाचा फोटो हवा.

किती दिवस वाट बघायची, आणि कधी थांबायचं

चेहरा ताजा दिसायला तीन-चार आठवडे लागतात आणि डाग फिके व्हायला आठ ते बारा आठवडे. तेही सनस्क्रीन रोज असेल तर. महिन्यातून एकदा, खिडकीजवळ त्याच जागी, त्याच वेळी फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही. मुरुमाचे खड्डे मात्र सीरमने भरत नाहीत, त्यांचे उपचार वेगळे असतात.

लावल्यावर मिनिटभर हलकं चुरचुरलं तर घाबरू नका. दहा मिनिटांनंतरही आग होत असेल, लालसरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला असेल, पापण्या सुजल्या असतील किंवा पुरळ आलं असेल, तर गार पाण्याने धुवा, साधं मॉइश्चरायझर लावा आणि सीरम बंद करा. आठवड्याने त्वचा शांत झाली तरी तीच बाटली पुन्हा चालू करू नका. बारा आठवड्यांत डागांवर काहीच फरक नसेल, किंवा डाग पसरत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना सीरमची बाटली आणि याआधी वापरलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या पिशवीत घालून न्या. नाव आठवत नाही किंवा लेबल फाटलंय अशीही एखादी असेल, तर ती आधी पिशवीत टाका.